भिंतीतली बाळी

सोमवारच्या दुपारी नव्या निंबाळवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. औशाहून आलेले टमटम कमानीबाहेरच अडकले होते. रसवंतीवाल्याने गाडा थेट गल्लीच्या तोंडाशी आणून लावला होता. कावेरीबाईंच्या अंगणात बाया एकमेकींना खेटून बसल्या होत्या, आणि पुरुष कंपाउंडच्या भिंतीवर चढून खिडकीतून आत बघत होते. घर साधंच होतं. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसवलं तेव्हा बांधून मिळालेलं, पातळ सिमेंटच्या भिंतींचं, गल्लीतल्या बाकीच्या घरांसारखंच. पण या घराच्या स्वयंपाकघराची मागची भिंत बोलत होती.

मी औशात दवाखाना चालवतो, आणि बुवाबाजीवर तोंड सोडण्याबद्दल तालुक्यात बऱ्यापैकी बदनाम आहे. पण पुढे मी त्या भिंतीला हसणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता.

भिंतीपुढे वाघाच्या छापाच्या चादरीवर वीरभद्रबाबा बसले होते. हातात लोखंडी चिमटा, मनगटात स्मार्ट घड्याळ.

"ही भिंत न्हाई माय," बाबा म्हणाले. "ह्यो पडदा हाय. अलीकडं तुमी जित्ते, पलीकडं गेलेले. तुमच्या मोबाईलला टावर लागतो का न्हाई? तसा मी टावर हाय. पाताळाची रेंज लई कमी जणांना घावती. मला घावली, ही गुरूची किरपा."

"हाव बाबा," बाया म्हणाल्या.

बाबांनी चिमटा उचलला आणि भांड्यांच्या मांडणीशेजारी भिंतीवर हाणला. टण, टण, टण.

"बोल लेकरा. माय आली हाय तुजी. हायस का हितं?"

अंगणातली कुजबुज थांबली. आधी काहीच झालं नाही. मग भिंतीच्या आतून एक बारीक आवाज निघाला. "हूं…" लहान पोराच्या गळ्याचा. तो वाढत गेला, मध्येच थरथरला, रडं आवरावं तसा दाटला आणि विरला. विरता विरता मांडणीवरची उतरंड किणकिणायला लागली.

या उतरंडीबद्दल बाहेरच्या वाचकाला सांगितलं पाहिजे. आमच्या भागात मोठा भूकंप झाला त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. तेव्हापासून इथल्या घराघरात एक रीत पडली. पितळेची नाहीतर स्टीलची भांडी उलटीसुलटी एकावर एक रचायची आणि सगळ्यात वर एक तांब्या कसाबसा तोलून ठेवायचा. जमीन जरा जरी हलली तरी तांब्या खाली पडतो आणि झोपलेलं घर जागं होतं. नवी सून आली की तिला देवघराच्या आधी उतरंड दाखवतात आणि बजावतात, झाडताना हिला हात लावू नको. त्यामुळे भांडी किणकिणली की निंबाळवाडीची माणसं विचार करत नाहीत, उठून पळतात. त्या दिवशीही अर्धं अंगण उठलं.

"बसा, बसा!" बाबा गरजले. "धरणीकंप न्हाई ह्यो. लेकरानं भांड्याला हात लावला."

सगळे बसले. कावेरीबाई उठल्याच नव्हत्या. त्यांनी भिंतीला गाल लावला होता आणि डोळे मिटले होते.

भूकंपाच्या त्या रात्री कावेरीबाई बावीस वर्षांच्या होत्या. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. दगडामातीचं घर खाली आलं तेव्हा त्या दाराशी होत्या म्हणून वाचल्या. त्यांची चार वर्षांची लेक बाळी मधल्या खोलीत होती. दगडांच्या खालून तिचा आवाज येत होता, कावेरीबाई नखांनी माती उकरत होत्या, आणि पाऊस सुरू झाला होता. उजाडेपर्यंत आवाज येत राहिला. मग थांबला. एवढंच त्या सांगतात. पुढचं मी कधी विचारलं नाही.

नंतर वैजनाथ झाला, मोठा झाला, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं, अयोध्या सून म्हणून आली आणि कस्तुरी झाली. कस्तुरी आता तिसरीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला सांध्यांचा ताप आला आणि हृदयाच्या झडपेवर थोडा घाव राहिला. हा आजार परत परत येतो, आणि दर वेळी झडप आणखी बिघडते. तो येऊ नये म्हणून एकच उपाय, दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, आणि तेही बरीच वर्षं. अयोध्या पोरीला घेऊन न चुकता माझ्याकडे यायची. पावसाळ्यात यायची, कापूस वेचणीच्या दिवसांत यायची.

मग बाबा आले, भिंत बोलायला लागली, आणि एका दरबारात बाबांनी विचारलं, "बाळे, तू कस्तुरीच्या अंगात वस्तीला आलीस का?" टण टण. भिंत म्हणाली, "हूं." "सुई टोचली तर तुला लागती का?" टण टण. "हूं."

त्या दिवसापासून इंजेक्शन बंद झालं.

"डाक्टर, पोरीचे गुडघे सुजून राहिलेत," अयोध्या गुपचूप दवाखान्यात येऊन म्हणाली. "मी आईंना लई सांगून बघितलं. त्या म्हणतात, माझी बाळी एकदा दगडाखाली मेली, आता सुया टोचून मारू का? मी काय बोलू? त्या वाईट न्हाईत हो. रातभर पोरीच्या उशाला बसतात."

"वैजनाथ काय म्हणतो?"

"ते मायचं तोंड बघतात अन् गप बसतात."

मला बाबाचा राग आलाच होता. वैजनाथचाही आला. पण कावेरीबाईंचा राग करता येईना, आणि तोच खरा घोळ होता. मुलीचा आवाज परत मिळालेल्या आईला हे ढोंग आहे असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर कस्तुरीचं हृदय वाट बघत थांबणार नव्हतं.

मी माझ्या परीने शोध केला. भिंतीला स्टेथोस्कोप लावला, भिंतीत स्पीकर पुरलाय का म्हणून ठोकून पाहिलं, छपरावर चढलो. घरामागे कंपाउंडला लागून जुन्या विहिरीवरची पंपाची खोली आहे. तिथे बाबांचा चेला मल्लेश राहायचा, सीमेपलीकडून आलेला. गावाच्या टाकीत पाणी चढवायची सेवा त्याने आपणहून अंगावर घेतली होती. म्हटलं, चोर इथेच आहे. खोलीत गेलो तर मोटार चालू. हात लावला, कान लावला. मांजर घुरघुरावं तेवढा आवाज. विहिरीच्या घडीव दगडावर बसवलेली, गुमान आपलं काम करणारी मोटार.

"डाक्टरसाब, ही तर रोज सकाळपासून चालू असते," मल्लेश हसत म्हणाला. "तवा भिंत बोलते काय?"

नव्हती बोलत. अयोध्यालाही विचारलं. सकाळभर मोटार चालायची आणि भिंत मुकी असायची. मोटार निर्दोष सुटली, आणि मी तोंड पाडून परत आलो. गावात बातमी पसरली की डाक्टरनं नळीनं बाळीला ऐकलं आणि हात टेकले.

तेव्हा मला वहिदा आठवली. तिचं घर औशात किल्ल्याच्या मागे. तिच्या गोवरापासून बारावीच्या जागरणापर्यंत सगळी औषधं माझीच. आता ती नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि यंत्रांच्या थरथरीवर संशोधन करते. फोनवर सगळं ऐकल्यावर तिने एकच विचारलं.

"काका, तुम्ही मोटारीजवळ आवाज ऐकलात. मोटारीची ढकल मोजलीत का?"

"ढकल म्हणजे?"

"येते मी. बोलू."

ती रविवारी आली. माझ्या घरी अयोध्या आणि वैजनाथला बोलावलं होतं. वैजनाथ दारातच अंग चोरून बसला. वहिदाने माझ्या बायकोकडून एक गोधडी आणि स्टीलचं ताट मागून घेतलं. आपल्या मोबाईलचा आवाज बंद करून तो नुसत्या थरथरीवर लावला, गोधडीवर ठेवला आणि मला म्हणाली, "फोन लावा."

मी लावला. मोबाईलचा दिवा लागला, आवाज काही नाही.

"आता ऐका." तिने तोच मोबाईल ताटात ठेवला. असा खडखडाट झाला की माझी बायको आतून धावत आली.

"मोबाईल तोच आहे," वहिदा म्हणाली. "त्याच्यातली ढकलही तेवढीच आहे. मोबाईल जवळजवळ मुकाच आहे, आवाज ताटानं काढला. वैजनाथभाऊ, तुम्ही मशिनीवाले. सांगा, हा मोबाईल आवाज करणारा आहे का न करणारा?"

वैजनाथने मान वर केली. "कुठं ठेवला त्याच्यावर हाय की."

"बस्स! हवेतून येणाऱ्या आवाजाचा उगम कानानं सापडतो. पण जो आवाज लोखंडातून, दगडातून, भिंतीतून चालत येतो, त्याचा उगम कानाला फसवतो. उगमाशी शांत आणि दूर कुठंतरी बोंब. म्हणून आम्ही यंत्राला असं टांगून बघतो." तिने चार्जरच्या वायरीला मोबाईल लोंबकळता धरला. "मोकळं सोडलं तर किती थरथरतं? आणि मग असं," तिने तो अंगठ्याने ताटावर दाबला, "जखडून टाकलं तर किती जोरानं ढकलतं? या दोन्ही गोष्टी मोजल्या की त्या यंत्राचा स्वभाव कळला. मग ते कशाला जोडल्यावर काय करील ते सांगता येतं."

"पण मोटार सकाळभर चालते आणि भिंत गप्प असते," मी म्हणालो. हा मुद्दा मला डाचत होता.

"तेच तर बघायचंय," ती म्हणाली.

तिच्याजवळ बोराच्या बीएवढं एक यंत्र होतं, थरथर टिपणारं. अयोध्याने ते मेणाने मांडणीच्या फरशीखाली चिकटवलं आणि सोमवारचा दरबार त्याच्यावर होऊन गेला. दुसऱ्या सकाळी मल्लेश आंघोळीला गेला असताना ग्रामसेवकाला सोबत घेऊन वहिदा पंपाच्या खोलीत गेली आणि तेच यंत्र मोटारीच्या अंगाला लावून आली. मग माझ्या दवाखान्यात, सलाईनच्या बाटल्यांखाली, तिने लॅपटॉप उघडला.

"ही बाळी," ती म्हणाली. पडद्यावर एक उंच सुळका होता. "आणि ही मोटार."

मोटारीच्या आलेखातही सुळका त्याच जागी होता.

"या पंपाच्या आतल्या पंख्याला सहा पाती आहेत. एका फेऱ्यात पाण्याला सहा ढकला. मोटारीचा वेग गुणिले सहा केला की बरोबर लहान पोराच्या गळ्याचा स्वर येतो. लाईट जरा उतरली की वेग उतरतो, आणि मग…"

"बाळीचा गळा दाटतो," अयोध्या हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते सुटकेचं होतं की आणखी कशाचं, मला कळलं नाही.

"सकाळीसुद्धा हा स्वर भिंतीत असतो, पण इतका बारीक की कानाला ऐकू येत नाही. मोटार खाली जड दगडावर आहे, तिची ढकल त्या दगडात जिरते. दरबाराच्या वेळी मात्र कोणीतरी तिला भिंतीकडे वाट करून देतं."

वाट वैजनाथला आठवली. पूर्वी विहिरीचं पाणी लोखंडी पाइपाने थेट घरात यायचं. नंतर प्लास्टिकची लाईन आली, आणि जुना पाइप कोरडा ठणठणीत तसाच राहिला. पंपाच्या खोलीतून निघतो, कंपाउंडच्या भिंतीवरून येतो, स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरतो आणि बरोबर मांडणीच्या मागे क्लॅम्पने आवळलेला आहे.

"चिमटा पण तिथंच मारतो त्यो," वैजनाथ म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मॅडम, पाइपाच्या मधल्या जोडाला ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा रबरी पाइप घातला तर?"

वहिदा हसली. "रबरात ढकल जिरेल. तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही."

पुढच्या सोमवारी गर्दी आणखी वाढली होती. निलंग्याहूनही माणसं आली होती. कस्तुरी एका कोपऱ्यात चादर पांघरून पडली होती, अंगात ताप, गुडघे उशीवर. मी तिच्या शेजारी बसलो. माझं सगळं लक्ष तिच्या नाडीकडे होतं आणि नाडी मला आवडत नव्हती.

"आज बाळी लई बोलणार हाय," बाबांनी जाहीर केलं. "अमावस्या जवळ आली की पाताळाची लाईन मोकळी ऱ्हाती." त्यांनी चिमटा हाणला. टण, टण, टण. "बोल लेकरा!"

भिंत गप्प.

टण, टण, टण. "बोल बाळे, माय बसली हाय!"

काहीच नाही. बाबांनी चादरीवर बूड सरकवलं. "रुसली हाय. गेल्या सोमवारी कुणीतरी चप्पल घालून आत आलं हुतं." सगळ्यांनी एकमेकांच्या पायांकडे पाहिलं. बाबांनी पुन्हा चिमटा मारला, मग आणखी जोरात, मग इतक्या जोरात की सिमेंटचा टवका उडाला. "बोल की! कामून गप हायस?" त्यांच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळायला लागलं. "कुणाच्या तरी मनात पाप हाय. त्यानं रेंज अडवली. त्यानं आपणहून उठून जावं."

कोणी उठलं नाही. बराच वेळ गेला. लेकरं कुरकुरायला लागली.

तेवढ्यात मागच्या दाराचा पडदा हलला आणि मल्लेशचं डोकं आत आलं. मग तो अख्खा आत आला. त्याच्या हातात लोखंडी पहार होती.

"गुरुजी," तो म्हणाला, "चिमटा वाजवायला लागले काय न्हाई? मला काईच ऐकू येईना."

मल्लेशने अंगणाकडे पाहिलं, अंगणाने त्याच्या पहारीकडे पाहिलं. मग कंपाउंडवर चढलेल्यांपैकी एक जण फस्सकन हसला, आणि मागोमाग सगळी गल्ली पंपाच्या खोलीकडे पळाली.

तिथे बघायला फार काही नव्हतं. मोटार चालू होती. जुना पाइप तिच्यापासून हातभर लांब होता. मधल्या जागेत पहार टेकवली की मोटारीची ढकल पहारीतून पाइपात, पाइपातून भिंतीत. दाबावी तसा आवाज वाढणार, सैल सोडावी तसा विरणार. वरचं टोक कानाला लावलं की त्याच पाइपातून बाबांचा चिमटा ऐकू येणार. प्रश्न काय आहे हे मल्लेशला कधीच कळायचं नाही, त्याची गरजही नव्हती. टण टण झालं की दाबायचं. ज्याच्या हुंकाराने कस्तुरीची सुई बंद झाली, त्याला आपण कशाला हो म्हणालो हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

लोक परत आले तेव्हा वीरभद्रबाबा पायात चपला सरकवत होते. त्यांना कोणी मारलं नाही, मी मारू दिलं नाही. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, त्याखाली रीतसर तक्रार झाली आहे आणि दोघांनी काय ते तिथे सांगावं.

पण माझी गोष्ट तिथे संपली नाही. कावेरीबाई जागच्या हलल्या नव्हत्या. लोक हसत होते, शिव्या देत होते, आणि त्या भिंतीला हात लावून बसल्या होत्या.

"आजचं खोटं आसंल डाक्टर," त्या म्हणाल्या. "मल्लेश चोर आसंल, बाबा चोर आसंल. पर माझी बाळी खरी हुती. मी आई हाय तिची. मला वळखू येत न्हाई का?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला आपण जिंकलो असं अजिबात वाटत नव्हतं.

वहिदा त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "मावशी, मी परक्या गावची. मी सांगून तुम्हाला पटणार नाही, आणि पटूही नये. तुम्हीच विचारा तिला. वैजनाथभाऊ जोड परत लोखंडाचा करतील. पहार कोणी धरायची ते तुम्ही सांगा."

कावेरीबाईंनी बराच वेळ सुनेकडे पाहिलं. "अयोध्या धरंल," त्या म्हणाल्या. "ती माझ्याशी खोटं वागणार न्हाई."

अयोध्या गेली. वैजनाथ जोड आवळून आला. कावेरीबाईंनी बाबांचा चिमटा उचलला, पण मारला नाही. आधी पदराने भिंतीवरची धूळ पुसली. मग अगदी हलके, झोपलेल्याला उठवावं तसं, टण टण केलं.

"बाळे, हायस का गं?"

"हूं…"

तोच आवाज. बारीक, थरथरता, रडं आवरणारा. उतरंड किणकिणली. पलीकडे पहार कोणी धरली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कित्येकींचे हात जोडले गेले. माझ्याही अंगावर परत काटा आला. खोटं आहे हे ठाऊक असूनही आला.

"ह्योच," कावेरीबाई म्हणाल्या. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. "ह्योच आवाज. आता सांग, त्या राती तुज्या मुठीत काय हुतं?"

टण टण.

"हूं…"

"काय हुतं ते सांग. मी झोपताना दिल्यालं. मूठ सोडत नव्हतीस तू."

टण टण.

"हूं…"

कावेरीबाई थांबल्या. त्यांनी चिमटा मांडीवर ठेवला.

"परसादाचा मोदक हुता," त्या म्हणाल्या, भिंतीला नाही, आम्हाला. "अर्धा खाऊन अर्धा सकाळसाठी ठेवला हुता. माझी बाळी लई बोलकी हुती, डाक्टर. एक विचारलं तर धा सांगायची. दगडाखालून पण बोलत हुती ती. माय, पाणी आलं म्हणायची. माय, मोदक भिजला म्हणायची." त्यांनी भिंतीकडे एकदा पाहिलं. "हिला नुसतं हूं येतं."

त्यांनी मांडीवरचा चिमटा बाजूला सारला.

"अयोध्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "लई वेळ झाला. तिचे हात भरून आले आसतील."

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कोपऱ्यात गेल्या, चादरीसकट कस्तुरीला उचलून कडेवर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत माझ्या जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चला डाक्टर," त्या म्हणाल्या. "लई उशीर केला मी. आणखी करू नगा."

कस्तुरीला लातूरला हलवावं लागलं, काही दिवस तिथे ठेवावं लागलं. झडप आधीपेक्षा थोडी जास्त बिघडली आहे. त्या सोमवारांची किंमत ती पोर जन्मभर वागवणार आहे, आणि बाबांच्या कोणत्याही कबुलीने ती भरून निघणार नाही. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली आहेत. आता तिला आजी घेऊन येते. बाकावर बसल्या बसल्या आजी तिला बाळीच्या गोष्टी सांगते, आणि कस्तुरी मध्ये मध्ये इतके प्रश्न विचारते की माझे पेशंट नाडी दाखवायची विसरून ऐकत बसतात.

उतरंड आहे तिथेच आहे. ती काढू नका असं मी स्वतः सांगितलं. भूकंप खरा असतो, त्याची भीती खरी असते, आणि त्यासाठी तांब्या तोलून ठेवणं हे शहाणपणच आहे. तसा आवाज तुमच्याही घरात कधी येईल. घाबरा, त्यात लाज नाही, मीही घाबरलो होतो. पण घाबरून झालं की उठा, भिंतीमागे काय आहे ते बघा, तिथून पाइप कुठे जातो ते बघा, आणि दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे ते बघा. तुम्हाला जमत नसेल तर ज्याला कळतं त्याला बोलवा. आणि लेकराला ताप असेल, तर हे सगळं नंतर करा. आधी त्याला दवाखान्यात न्या.